हे पसरत नाही

पूर्णा, भिवंडी
८ फेब्रुवारी २००४

ती. मिथुनदादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पठाणकोटहून आलेलं पत्र मिळालं. खाजेबद्दल विचारलंस, म्हणून खरं लिहिते. दोन वर्षं झाली, कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेखाली पाण्याचे बारीक फोड येतात. खाजवून फुटतात. तीन डॉक्टरांनी खरजेचं मलम दिलं, फरक नाही. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलंय. त्या वाईट नाहीत, घाबरल्यात. मीही घाबरले. मृणाली दीड वर्षाची झाली, चार महिने मी लेकीला उचललं नाही. आईला कळवू नकोस.

तुझी बहीण,
वनिता

पठाणकोट
२१ फेब्रुवारी २००४

चि. वनूस,
जय भीम व आशीर्वाद.

पायात काटा मोडला तरी सगळी आळी गोळा करणारी तू, आणि दोन वर्षं गप्प? आमच्या पलटणीच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, खरूज असती तर एव्हाना घरभर झाली असती. काळूराम दाजींना गोदामातून एक दिवस रजा काढायला लाव आणि ठाण्याला कातडीच्या डॉक्टरांना दाखव. आईला मी लिहिलं नाही, तूच लिही.

वाट बघणारा,
दादा

पूर्णा, भिवंडी
२८ मार्च २००४

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला. मला गहू सोसत नाही. तो पोटात गेला की अंगावर फोड उठतात. म्हणाल्या, हे पसरत नाही. मी दोनदा विचारून घेतलं. मग गोळ्या घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, या कुष्ठरोगाच्या. ह्यांचा चेहराच उतरला. तसेच माघारी गेलो. बाई म्हणाल्या, गोळी तीच, आजार तो नाही. चौथ्या दिवशी खाज थांबली. मधूनमधून रक्त तपासायचं, आणि गहू जन्मभर बंद, पाव-बिस्किटंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, घरचा तांदूळ हाय, भाकरी करीन, त्यात काय. माझं ताट त्यांनीच परत सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

मृणाली मात्र माझ्याकडे येईना. दोन दिवस आजीच्या पदरामागे लपली. तिसऱ्या दिवशी मी भात कालवत होते, तर आपणच येऊन मांडीवर बसली आणि तोंड उघडलं. सगळा भात माझ्या हाताने खाल्ला.

आईला मीच लिहिलंय. रजा कधी मिळते ते कळव, आणि माया अशीच असू दे.

तुझी,
वनू