पट्टा खिळ्याला, घंटा गळ्यात

स्टुर्सेटर, रविवार,
१२ फेब्रुवारी १९८४

ती. हाल्वरदादास,
तोरगुनचा सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं टेबलावर पडून आहेत आणि चौदा आठवड्यांत मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. शाळेचं काम फार होतं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वह्या मी दर हिवाळ्यात तपासते आणि तुला पत्रंही लिहिते. तेव्हा नुसतीच क्षमा माग‍ते. कारण सांगायचं आहे, पण ते या पत्रात कागदावर उतरेल की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

आधी तुझ्या लाडक्या कुत्रीची खबर. ब्रीस धडधाकट आहे. तू जहाजावर गेलास आणि त्याच महिन्यात माझी लेक इंगर कॉलेजसाठी ट्रॉनहेमला गेली. मागे आम्ही दोघीच उरलो. ब्रीस शेगडीपासून दारापर्यंत जायची, दारापासून शेगडीपर्यंत यायची. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मीही तेच करते आहे. तिने पडद्याची दोरी खाल्ली, मग तुझी घरात घालायची डाव्या पायाची सपाट. (उजवी जपून ठेवली आहे.) नोव्हेंबरात गुड्नीबाई खिडकीशी थांबली. आपल्याकडे टपाल आणायची तीच, आता निवृत्त झाली आहे आणि कुत्र्यांच्या क्लबची प्रमुख आहे. म्हणाली की या घरात दोघीजणी कोंडल्यासारख्या दिसतात; एकीला ओढायचा साज चढव, दुसरी आपोआप पळेल.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही खडीच्या खाणीपाशी जातो. अकरा माणसं, तेरा कुत्री. माझ्या कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला रबर घातलेली दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला साज घातलेली ब्रीस, आणि मधे स्कीवर मी. नव्या माणसाला पहिल्या रविवारी स्की घालू देत नाहीत. आपलं कुत्रं झाडाला बांधायचं, शेकोटीवर सगळ्यांची कॉफी करायची, आणि बाकीचे आपापली कुत्री घेऊन त्याच्या नाकासमोरून जा-ये करतात. ते भुंकायचं थांबेपर्यंत. ब्रीस एक तास चाळीस मिनिटं भुंकली. गुड्नीबाईने आल्यागेल्याला सांगितलं की आवाज मालकिणीवर गेलेला दिसतो.

दुसऱ्या रविवारी मी साठ मीटर उभ्याने गेले आणि पुढचे दोनशे पोटावर. एका हाताने टोपी धरून ठेवली होती म्हणे. गुड्नीबाईचं म्हणणं पडलं की पडतात सगळेच, पण टोपी सांभाळत पडणारी मास्तरीण तिने पहिल्यांदाच पाहिली. आता मात्र आम्ही नऊ किलोमीटर न पडता जातो. दादा, उतारावर दोरी ताठ होते आणि आपण काहीच करत नसतो, तेव्हा काय वाटतं ते मला नीट लिहिता येत नाही. अकरा मार्चला क्लबची शर्यत आहे. मी नाही म्हणाले. गुड्नीबाईने माझं नाव आधीच लिहून टाकलं होतं.

शरद ऋतूतल्या शिकार-चाचणीबद्दल तू तिन्ही पत्रांत विचारलंस. ब्रीस बाबांच्या पन्नास वर्षांच्या वंशातली शेवटची आहे, आणि चाचणीत बक्षीस मिळाल्याशिवाय तिची पिल्लं घेता येणार नाहीत, हे मी विसरलेले नाही. तिचं वजन चांगलं आहे. पाय फार मजबूत झाले आहेत.

पत्र दोनदा वाचलं. यात खोटं काही नाही, पण सगळं खरंही नाही. तरी पाठवते. लोभ आहेच, तो या खेपेला जरा उदार हाताने दे.

तुझी,
तोरगुन

&nbsp;

रॉटरडॅम,
२९ फेब्रुवारी १९८४

चि. तोरूस,
हाल्वरदादाचे अनेक आशीर्वाद.

चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला लिहितो आहे, कारण तुझी पत्रंही आता त्याच हिशेबाने येतात.

तुझं पत्र मी इंजिनाच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. टोपीच्या जागी आमचा दुसरा इंजिनियर हसता हसता पाण्याच्या पिंपावर बसला. शेचाळिसाव्या वर्षी माझी बहीण कुत्रीमागे लोंबकळत डोंगर उतरते, हे ऐकून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आपल्या घरात तूच एकटी दार लावून बसणारी होतीस. पळ खुशाल. सपाटेबद्दल मात्र ब्रीसशी मी स्वतः बोलेन.

आता एक विचारतो. चार पानं लिहिलीस आणि त्यात एकही पक्षी नाही. भूर्जांच्या उतारावर हिवाळ्यात बर्फकोंबड्या नाहीत असं कधी झालंय? पक्ष्याचा वास आला की ब्रीस खडी राहते ना? पुढचा पाय वर, शेपटी ताठ, नाक वाऱ्यात, तशीच? ती खडी राहिली की तिला कधीही घाई करू नकोस, तोरू. बाबा एकदा खड्या कुत्रीमागे वीस मिनिटं उभे राहिले होते, आठवतं? आईने वरून हाका मारल्या, सूप गार झालं, आणि शेवटी झुडपातून काहीच निघालं नाही. तू त्यांना हसलीस. ते म्हणाले होते की पक्षी नव्हता हे मला दिसलं, पण होता हे तिला कळलं होतं.

ऑगस्टमध्ये येतो. चाचणीचा अर्ज भरून टाकलाय. जहाज तीन आठवड्यांनी परत याच बंदरात येईल, पत्र तिथेच टाक.

शर्यतीत शेवटून पहिली आलीस तरी माझी माया जागची हलणार नाही.

तुझा,
हाल्वर

&nbsp;

स्टुर्सेटर, सोमवार,
१२ मार्च १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं आणि रविवारी मी शर्यत धावले. पत्र वाचूनही धावले, हे आधी लिहून टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी भूर्जांच्या उतारावर ब्रीस भर वेगात थांबली. तू लिहिलंस अगदी तशी खडी राहिली, पुढचा पाय वर. मी तिच्यावरून उडून झुडपात पडले, पक्षी उडाले, मागून येणारी दोघं माझ्यावर आदळली. कोणाचं काही मोडलं नाही. शेकोटीपाशी गुड्नीबाईने समजावलं की ओढणाऱ्या कुत्रीला पक्ष्यापाशी थांबता येत नाही, एखाद दिवशी कोणाची तरी मान जाईल. उपाय सोपा होता. ती थांबायला लागली की पुढे चल म्हणून ओरडायचं, पट्ट्याने दोरीला हिसका द्यायचा, आणि पक्षी मागे पडला की कमरेच्या पिशवीतला सुक्या मांसाचा तुकडा द्यायचा.

मी ते नऊ वेळा केलं. आकडा नक्की आहे, कारण रोजनिशीत तारखा आहेत. ही शिकारीची कुत्री आहे आणि ती माझी नाही, असं मी गुड्नीबाईला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला पट्टा उतरवायला लावला असता, म्हणून सांगितलं नाही. मला कळत नव्हतं असं स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण तिसऱ्या वेळी ब्रीसने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला चांगलं कळलं. पुढचे सहा तुकडे मी कळून दिले आहेत.

काल सातव्या किलोमीटरला वाटेच्या कडेला तीन बर्फकोंबड्या फडफडत उठल्या. इतक्या जवळून, की त्यांच्या पंखांचा बर्फ माझ्या तोंडावर आला. ब्रीसने कान हलवला नाही. तशीच ओढत राहिली. आम्ही तिसऱ्या आलो. मला लाकडी पळी मिळाली, लोक टाळ्या वाजवत होते, गुड्नीबाई सगळ्यांना सांगत होती की मास्तरणीने कुत्रीला चांगलं शिकवलं. तपकिरी चीज घातलेलं वाफल हातात तसंच गार झालं.

आज शाळेनंतर तिला मोकळी सोडून उतारावर नेलं. दोरी नाही, साज नाही, स्कीही नाही, पायीच. पक्षी होते. तिला वास आला, हे मी पाहिलं. ती थबकली, क्षणभरच, आणि मग वळून माझ्यापाशी आली. समोर बसून माझ्या कमरेच्या पिशवीकडे पाहत राहिली. दादा, तिने मांस मागितलं.

उद्याही नेईन. एकतीस मार्चपर्यंत रोज नेईन. एक एप्रिलपासून पक्ष्यांच्या अंड्यांसाठी कुत्री मोकळी सोडायला बंदी, ती थेट ऑगस्टच्या वीस तारखेपर्यंत. म्हणजे माझ्या हातात एकोणीस दिवस आहेत. बाबांचा वंश मी एका लाकडी पळीसाठी संपवला असेन तर तसं मला स्पष्ट लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

लोभ असावा असं लिहायची आज हिंमत नाही. पत्राचं उत्तर तेवढं असावं.

तोरगुन

&nbsp;

रॉटरडॅम,
२२ मार्च १९८४

चि. तोरूस,
आशीर्वाद.

पत्र काल हातात पडलं. रात्रीच उत्तर लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. त्यातलं एक वाक्य मात्र ठेवतो, कारण तू स्पष्ट लिही म्हणालीस: मला फार राग आला आहे. कुत्रीला शिकवलंस त्याचा कमी. दोन महिने हे लपवून मला नुसतं वजन आणि पाय कळवलेस, त्याचा जास्त.

दुसरं आज सुचलं आहे, आणि ते लिहिताना राग जरा माझ्याकडेच वळतो. ब्रीसच्या वंशाची मूळ कुत्री दीना तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. दीना हिवाळाभर जंगलातून सरपणाची घसरगाडी ओढायची आणि शरदात खोऱ्यातल्या कुठल्याही कुत्रीपेक्षा जास्त पक्ष्यांवर खडी राहायची. लोक बाबांना विचारायचे की तिच्या डोक्यात गोंधळ कसा होत नाही. बाबा म्हणायचे, माणूस चर्चमध्ये आणि गोठ्यात एकाच कपड्यांत जात नाही, मग कुत्रीने का जावं. ओढायचं तेव्हा तिला साज आणि बाबांच्या अंगात सरपणाचं जुनं जाकीट. शिकारीला तिच्या गळ्यात पितळी घंटा आणि बाबांच्या अंगात हिरवा कोट. घंटा ते कधीही खेळायला देत नसत. मी एकदा मांजराला बांधली तर कान उपटला होता.

ब्रीसलाही मी घंटेवरच शिकवलं. जाताना तुला ते सांगितलं नाही, कारण मला वाटलं होतं की तू तिला फार तर पोस्टापर्यंत फिरवून आणशील. हा माझा भाग. तो तुझ्या नऊ तुकड्यांतून वजा कर, पण सगळे वजा करू नकोस.

आता नीट आठवून बघ. तू तिला मोकळी नेतेस तेव्हा अंगावर काय असतं? कमरेची पिशवी म्हणालीस. पिशवी असेल तर पट्टाही असणार. तोरू, कुत्री दोरीकडे बघत नाही, ती तुझ्याकडे बघते.

घंटा माडीवर बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहे, कोट त्याच्याच वर टांगलाय. तरीही ती खडी राहील असं वचन मी देत नाही. नऊ वेळा म्हणजे पुष्कळ झालं. नाही राहिली तर चाचणीचा अर्ज मागे घेईन, आणि त्याबद्दल आपण ऑगस्टमध्ये समोरासमोर बसून बोलू. क्लब सोडू नकोस. सोडलास तर तू पुन्हा दारापासून शेगडीपर्यंत फिरशील आणि माझी दुसरी सपाटही जाईल.

राग आहे. माया त्याच्या शेजारीच बसली आहे, दोघांना जागा पुरते.

हाल्वर

&nbsp;

स्टुर्सेटर, शुक्रवार,
३० मार्च १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी आलं. मी ते दारातच, बूट न काढता वाचलं आणि मग खाली माझ्या कमरेकडे पाहिलं. पट्टा होता. अठरा दिवस रोज होता. साज काढला, दोरी काढली, स्की काढले, आणि पट्टा मात्र बांधत राहिले, कारण डिसेंबरपासून बाहेर पडताना तो बांधायचा हे हातांना सवयीचं झालं आहे. पिशवीत मांसही होतं. देत नव्हते, पण होतं. क्लबमधल्या सगळ्यांचं असंच होतं. गुड्नीबाई तर पट्टा बांधून प्रार्थनेला येते. शाळेत मी मुलांना सांगते की उत्तर चुकलं तर आधी गृहीत काय धरलं ते तपासा.

तसाच पट्टा घेऊन गुड्नीबाईकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की मला आधी सांगितलं असतंस तर शिकारीला नेताना पट्टा घरी ठेव, हे पहिल्याच रविवारी बजावलं असतं. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, पण न लिहिलेलं पत्र मलाही पोचवता येत नाही. मग पट्टा माझ्या हातातून घेऊन तिच्या दारामागच्या खिळ्याला टांगला आणि बजावलं की रविवारी सकाळी येऊन घेऊन जा, त्याआधी मागितलास तर मिळणार नाही.

घरी येऊन माडीवर गेले. कोट मला खांद्यांत सैल होतो आणि त्याला अजून बाबांच्या तंबाखूचा वास आहे. ब्रीस खाली शेगडीपाशी झोपली होती. डबा उघडताना घंटा कागदातून निसटली आणि फळीवर वाजली. एकदाच. मी जिन्यावरून वाकून पाहिलं तर ती उठून उभी होती. दाराकडे तोंड, शेपटी सरळ, आणि उजवा पुढचा पाय जमिनीपासून वर.

मी तिथेच उभी राहिले. हे लिहिताना शंका येते. पाय आखडला असेल, बाहेर जायचं असेल, मला जे पाहायचं होतं तेच मी पाहिलं असेल. घरात एकही पक्षी नव्हता, हे मला दिसत होतं. पण मी तिला घाई केली नाही. पाय तिने आपणहून खाली ठेवला तेव्हाच जिना उतरले.

उद्या एकतीस. वारा उत्तरेचा आहे, म्हणजे उताराच्या खालच्या अंगाने चढावं लागेल. काहीही झालं, पाय वर गेला किंवा नाही गेला, तरी या खेपेला तुला चौदा आठवडे थांबावं लागणार नाही. पाकीट न चिकटवता ठेवते आहे, उद्या काय झालं ते त्यातच लिहून घालीन. त्याच्या मागे उद्याचं काम तेवढं टिपून ठेवते. लोभ असू दे, आणि राग संपेपर्यंत तोही असू दे.

तुझी,
तोरू

उद्या: उजाडताच घंटा बांधून ब्रीसला भूर्जांच्या उतारावर न्यायचं, आणि थांबायचं.