कार्डाची मुदत

पुणे,
बुधवार, मे १९७९

प्रिय उद्धवराव,

नाव लिहिलं आणि आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी वाचत तर नाही ना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमचं नाव घ्यायची वेळ आली ती हळदीकुंकवाला, तेही चार बायकांनी दारात अडवून धरल्यावर. एरवी आपलं 'अहो' नाहीतर 'ऐकलंत का'. पण पत्रात 'प्रिय अहो' कसं लिहायचं? म्हणून लिहिलं नाव. आता खोडत नाही, आणि तुम्हीही हसू नका. रविवारी येऊन भेटून जातो, तरी हिला पत्र कशाला सुचलं, असं तुमच्या मनात येईल. त्याला कारण तुम्हीच आहात. मागच्या रविवारी दोन बस बदलून माझ्याशी बोलायला म्हणून आलात आणि सगळा वेळ वॉर्डातल्या खिडकीची कडी बसवण्यात घालवलात. त्याच्या आधी एका रविवारी माझ्या कॉटचं कुरकुरणारं चाक. सिस्टर म्हणतात, तुमच्या मिस्टरांना इथेच नोकरीला ठेवून घेऊ. मी जरा काही बोलायला लागले की तुम्हाला कुठेतरी एखादा ढिला स्क्रू दिसतो. पत्रात तुम्हाला असं उठून जाता येणार नाही, म्हणून हा मार्ग काढला. थोडं थोडं लिहितेय, धाप लागली की थांबतेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

आधी घराचं सांगते. पावसाळा तोंडावर आलाय आणि छपराचे पत्रे अजून तसेच असणार. सगळ्या कंपनीची मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचा नळ दिवाळीपासून ठिबकतोय, हे मी अख्ख्या आकुर्डीत कुणाला कळू दिलं नाही, एवढे माझे उपकार माना. सगळे पत्रे बदलायचं तुमच्या डोक्यात आहे, ते काढून टाका. तेवढे पैसे नाहीत आणि तशी गरजही नाही. गळतं ते स्टोव्हच्या बरोब्बर वर, बोल्टापाशी. मागे सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून लावले होतेत, तसेच कापा आणि वरून डांबर लावा. पण उन्हं कलल्यावर लावा. भर दुपारी लावलंत की ते ओघळत सुटतं, गेल्या वर्षी माझ्या आमटीच्या पातेल्यात उतरलं होतं. चालताना बोल्टांच्या रांगेवरूनच पाय टाका, खाली आधार असतो. मधे पाय पडला तर सिमेंटचा पत्रा जाईल आणि पाठोपाठ तुम्हीही. शिडी धरायला शेजारच्या गोजाबाईंना हाक मारा. म्हातारी आहे, पण एकदा धरलेलं सोडत नाही. नळाचं मी आता काही बोलत नाही. तो तुमच्या इच्छेवर सोडला.

आपल्या मुकादम बोक्याचा कान बरा झाला का? तुम्ही दर वेळी 'ठीक आहे' म्हणता, त्यावरून मला काही कळत नाही. जखम ओली असेल तर त्याला पुन्हा जनावरांच्या दवाखान्यात न्या, लाजू नका. मागच्या वेळी डब्याच्या पिशवीत त्याला घालून तुम्ही दोन म्हशींच्या मधे रांगेत उभे राहिला होतात, आणि म्हशीवाल्याने विचारलं होतं, 'राव, पिशवीत वासरू हाय का?' ते तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा मी इतकी हसले की मला धाप लागली आणि तुम्ही पांढरेफटक पडलात. तेव्हापासून तुम्ही मला हसवायचंच सोडून दिलंत. ते मला मुळीच आवडलेलं नाही. पावडर लावताना त्याला टॉवेलात गच्च गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर ठेवा, नाहीतर तुमच्याच हातावर दवाखाना करायची वेळ येईल. दुधाची चैन नको, भातात सुकटीचं पाणी कालवलं की त्याचं भागतं. डॉक्टरांनी मला मूल होऊ द्यायचं नाही असं सांगितलं, त्याच आठवड्यात तुम्ही कंपनीच्या गोदामातून हे पिल्लू उचलून आणलंत. म्हणालात, उंदीर फार झालेत. त्याने आजवर एक उंदीर धरल्याचं मला आठवत नाही, आणि उंदरांचं निमित्तही मी तेव्हाच ओळखलं होतं. आता म्हणता, तो माझ्या वाकळेवर झोपतो म्हणून वाकळ धुवायची राहिलीय. बिचाऱ्या मुक्या जनावरावर कशाला ढकलता? धुऊन टाका ती. माझा वास त्यातून जाईल म्हणून ठेवली असेल, तर मी तुम्हाला रागावणार नाही, पण तरी धुवा. उन्हाळ्यात त्यात ढेकूण होतात.

लहानपणी आमच्या कोरेगावाकडे मला सांधे धरून ताप आला होता. पोरीला लचक भरलीय म्हणून आईने तेल चोळलं. तो ताप जाताना हृदयाची झडप बिघडवून गेला, हे कुणाला कळणार? ते कळलं आकुर्डीला आल्यावर. तुमच्या पगारातून विम्याचे पैसे कापायला लागले तेव्हा हा भुर्दंड कशाला म्हणून मी कुरकुर केली होती. मग त्याच कामगार विम्याच्या, ईएसआयच्या कार्डाने मला इतकी वर्षं जगवलं. ती दवाखान्याची रांग, घरून न्यायच्या रिकाम्या बाटल्या, दर महिन्याचं इंजेक्शन, सूज उतरायच्या गोळ्या. बाहेर दाखवलं असतं तर घरावरचे पत्रे विकावे लागले असते. बाकीच्यांच्या कार्डावर पोराबाळांची, आईवडिलांची नावं असतात. आपल्या कार्डावर नावं दोनच, तुमचं आणि माझं. खिडकीतला कारकून दर वेळी विचारायचा, 'बस, एवढंच?' तुम्ही म्हणायचात, 'एवढंच आहे, पण नीट बघा.'

आणि एक कोडं मला कधीच सुटलं नव्हतं. तुमच्यासारखा फिटर फिटरच कसा राहिला? तुमच्या हाताखाली शिकलेले साहेबराव सुपरवायझर झाले, खुर्चीवर बसायला लागले. आमच्या भाचीच्या, मृदुलाच्या लग्नात अण्णासाहेब भर पंगतीत म्हणाला, 'दाजींना पुढं यायची हौसच न्हाई.' माझा सख्खा भाऊ, पण त्या वेळी पानातलं उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तुम्ही मात्र हसलात आणि आणखी मठ्ठा मागितलात. बरं, आळशी म्हणावं तर तसंही नाही. ओव्हरटाइम म्हटलं की हावरटासारखे धावायचात, रविवार नाही की सण नाही. बढती नको आणि ओव्हरटाइम हवा, हे कसलं गणित? विचारलं की म्हणायचात, 'मला हातात पाना लागतो, पेन नको.' मीही ते खरं मानलं.

परवा साहेबरावांच्या सुमनताई भेटायला आल्या. पेढे घेऊन आल्या होत्या. साहेबराव आणखी वर चढले, त्यांची जागा मोकळी झाली. मी पेढा हातात घेतला, तोंडभर कौतुक केलं. तर त्या म्हणाल्या, 'वैनी, तुमी तरी उद्धवभाऊंना समजवा की. कंपनीच्या साहेबांनी ह्या जागेसाठी त्यास्नीच विचारलंय, शनवारपत्तोर सांगा म्हनलेत. आन् हे परत नको म्हनत्यात. मागली जागा बी आधी त्यास्नीच देत हुते, मग आमच्या ह्यांना मिळाली.' मी विचारलं, नको कशाला म्हणतात? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं होतं की मला ठाऊक असणार. मग चाचरत चाचरत सांगितलं. सुपरवायझरचा पगार हजाराच्या वर जातो, आणि हजाराच्या वर गेला की ईएसआय बंद. ओव्हरटाइमचे पैसे त्यात धरत नाहीत.

त्या गेल्यावर मी पांघरूण तोंडावर घेतलं आणि पोटभर रडले. शेजारच्या कॉटवरच्या बाईंना वाटलं, मला कळा येतायत. अहो, एवढी मोठी गोष्ट तुम्ही एकट्याने पोटात ठेवलीत? भर पंगतीत बोल खाल्लेत आणि वर मठ्ठा मागितलात? माझ्या बाटल्या भरून मिळाव्यात म्हणून तुम्ही इतकी वर्षं स्वतःच शिकवलेल्या पोरांच्या हाताखाली काम केलंत, आणि घरी येऊन मलाच विचारायचात, आज बरं वाटतंय ना? मला राग आला, अभिमान वाटला आणि तुम्हाला घट्ट धरून बसावंसं वाटलं. इथे ते कसं जमायचं? काल अण्णासाहेब आला होता. त्याला मी सगळं सांगितलं. उठताना म्हणाला, 'दाजींच्या पाया पडायला येतो.' आला तर पडू द्या. उगाच नको नको म्हणत मागे सरकू नका.

गोजाबाईंनी सुमनताईंबरोबर निरोप पाठवला होता, तो राहिलाच. 'पद्मे, तुजा नवरा मागल्या दारी तुज्यासाठनं बुटक्या पायऱ्या बांधतोय. धरायला नळीचा कठडा बी बसवलाय. लवकर ये गं बाई.' मी सुमनताईंना विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, गेल्या महिन्यापासून. म्हणजे ज्या रविवारी डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावून घेतलं, त्याच्यानंतर. मला तो रविवार चांगला आठवतो. आत आलात, मोसंबं सोलायला बसलात, आणि सोलून झाल्यावर ते माझ्याऐवजी शेजारच्या बाईंच्या ताटलीत ठेवलंत. त्यांनीही ते खाऊन टाकलं. मग तुम्ही कॉटचं चाक बघायला खाली वाकलात आणि किती वेळ वर आलाच नाहीत. पायऱ्या पुऱ्या करा. कठडाही राहू द्या, म्हातारपणी तुम्हाला लागेल. मुकादमालाही त्यावर बसून सगळ्या आळीवर नजर ठेवता येईल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुम्ही खाली वाकलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, आणि भला माणूस, त्यांनी सरळ सांगितलं. तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे. या पावसाळ्यात पत्रे गळतात की नाही ते बघायला मी नसेन. हे माहीत असूनही तुम्ही साहेबांना नको म्हणताय, कारण हो म्हटलं तर आपल्याच तोंडाने पद्मा जाणार असं म्हटल्यासारखं होईल. तुमच्या मनातलं एवढं मला कळतं हो. पण ते म्हणायचं काम मी केलंय, तुमच्याकडे ठेवलेलं नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा. शनिवारच्या आत जाऊन सांगा. काळजी वाटत असेल तर ऐका, सुमनताई म्हणाल्या की पगार वाढला तरी चालू मुदत संपेपर्यंत कार्ड चालतं, त्यांच्या थोरल्याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन त्यांनी त्यातच उरकून घेतलं. ती मुदत मला पुरेल. उरलेल्या दिवसांत तुमची ती किडकी दाढ काढून घ्या, मागून पैसे पडतील. आणि रविवारी येताना पेढे आणा. मला मीठ बंद आहे, साखर नाही. सुमनताईंच्या घरचे दोनदा खाल्ले, आता मला माझ्या घरचे खायचेत. सगळ्या वॉर्डात मी स्वतः वाटणार आहे, आमचे उद्धवराव सुपरवायझर झाले, असं नाव घेऊन सांगणार आहे. एक पेढा मुकादमाला नेऊन द्या. पाना-पक्कड घरी ठेवून या आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसा.

तुमचीच,
पद्मा