भोपळ्या हलणार नाही

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रागावली असशील, तर नमस्कार दोनदा मोज.

कालच्या नोटिशीवर सही माझीच आहे. घरात तुझा धाकटा असलो, तरी शाळा समितीत मी अध्यक्ष आणि तू दुसरीच्या वर्गाची बाई. तुझ्या त्या लंगड्या कुत्र्याविरुद्ध एका पालकाची लेखी तक्रार आली आहे. त्याचा मुलगा घाबरून शाळेत यायलाच तयार नाही. सोमवारी मतदान. त्याआधी भोपळ्याला गुपचूप घरी ने, म्हणजे दोघांचीही अब्रू राहील. ही म्हणते, ताई ऐकणार नाहीत. एकदा तरी हिला खोटं पाड.

लोभ आहेच, वाढावा, असं आज कुठल्या तोंडाने म्हणू?
तुझा, धाकटा

१४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद. तुझ्या खुर्चीला वेगळे मिळणार नाहीत.

तुझ्या बायकोला मी खोटं पाडायची नाही. त्या घरात मला नीट ओळखणारी ती एकटीच.

भोपळ्या पाय मोडून शाळेच्या फाटकाशी पडला होता, तेव्हा त्याला उचलताना मी समितीला विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पाय बसवला, लशी टोचल्या, चावरा नाही असं लिहूनही दिलं. अभ्यासात कायम शून्य, म्हणून पोरांनी नाव ठेवलं भोपळ्या. वाचनाच्या खोलीत सतरंजीवर पसरलेला असतो आणि पोरं त्याला धडे वाचून दाखवतात. चुकलं तरी तो भुवई चढवत नाही. माझी चढते.

शिंप्याची धाकटी आठवते? घरी नुसती टकळी, पण वर्षभर शाळेत तिने तोंड उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात त्याच्या कानाशी बसून तिने अख्खी गोष्ट वाचली. मी हातात खडू घेऊन दाराबाहेरच थबकले.

त्या मुलाची भीती खरी आहे, मी ती थट्टेवारी नेत नाही. त्याच्यासाठी दुसरं दार उघडलं, भोपळ्याला पट्टा बांधला. पण एकाच्या भीतीपायी दुसरीचा आवाज बंद करणार नाही. घे खुशाल मतदान.

माया आहे तशीच आहे, नोटिशीने आटत नाही.
ताई

२२ जुलै

ती. ताईस,
सा. न.

ठराव मंजूर झाला: ‘शाळेच्या आवारात कुत्रा नको.’ मी तटस्थ राहिलो. घाबरट म्हण, ऐकून घेईन. पण रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस.

उत्तर पाठव, शिव्या असल्या तरी चालतील.
धाकटा

३० जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, हात जरा आखडून.

राजीनामा? आणि मी? शाळेमागच्या जाळीच्या कुंपणाला लागून एक खोली रिकामी होती, ती भाड्याने घेतली. भोपळ्या माझ्या ओसरीवर पलीकडे, पोरं आवारात अलीकडे. ठरावाचा शब्दन् शब्द पाळला आहे, येऊन बघ. पहिल्या दिवशी शिंप्याची धाकटी नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक जाळीला टेकवलं. तो घाबरणारा मुलगाही लांबून बघत होता. पळाला नाही, एवढंच सांगते.

भिण्याचं वय गेलं तुझं. जप.
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाळीवर पत्रे ठोकायचा ठराव आला होता. म्हणून परवा मधल्या सुट्टीत, तू शिक्षकांच्या खोलीत असताना, कुंपणाशी जाऊन आलो. पोरांना म्हटलं, काय चाललंय? तर शिंप्याच्या धाकटीने पुस्तकातून मान वर करून मला दटावलं, गप्प बसा, भोपळ्या ऐकतोय. मी बसलो. गोष्ट संपेपर्यंत मातीतच.

काल ठरावाविरुद्ध पहिला हात माझा वर गेला. मग आणखी दोन, मग बरेच. पत्रे येणार नाहीत. तक्रारदार म्हणतो, पुढच्या वर्षी तुमची खुर्ची राहणार नाही. मी म्हटलं, नसू दे, मला खाली बसायची सवय झाली आहे.

लोभ वाढव. आता मागायला तोंड आहे.
तुझा, धाकटा