पवारांनी दिलेला पूर्ण पत्ता

सांगली, १२ मार्च १९९६

फौजेतून निवृत्त होऊन आमच्या साखर कारखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पवारांची नोकरी आज मी खाल्ली. जुन्या फायली पुसणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, माझीच; ती जुन्या फायलींच्याच डिरेक्टरीत, म्हणजे कप्प्यात, ठेवलेली. त्यांनी तिचा पूर्ण पत्ता देऊन ती चालवली, पण स्वतः होते ऊसनोंदींच्या डिरेक्टरीत. मशीन स्क्रिप्टला तिचा पत्ता कळवतं, तिला तिथं नेत नाही. जिथून हाक मारली, तिथलंच सगळं तिनं पुसलं.

पवारांनी मला विचारलं, "तुमी शिकवलेला पत्ताच दिला न्हवं, सायेब?"

"हवालदार, फौजेत नेम धरत होता, की नुसता चाप ओढत होता?" मी म्हणालो.

सगळे हसले. पत्ता बरोबर होता, हे त्यांना कामावरून काढणाऱ्या मॅनेजरला मी का नाही सांगितलं?

पवार गेल्यावर स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: आधी आपल्या पत्त्यावर जा, मग पूस. दोन मिनिटं लागली.