हिरवा देवणी

९ जून २०२५, सोमवार

मोडणार म्हणे! प्राचार्य फाटकाशी आले, बोट दाखवून म्हणाले, "बुद्धप्रिया, हे जंगल काढायचंय. पंधरा ऑगस्ट झाला की इथं पार्किंग." जंगल! कॉलेजचे माळी असताना बाबांनी बारा वर्षं घालून मोरपंखीच्या चार झाडांचा हत्ती केला होता, खांद्याइतका उंच. मग बाबांना लकवा झाला, उजवा हात गेला. तीन वर्षं हत्तीला कुणी कात्री लावली नाही. वाढणारच की! बाबांच्या जागी मला रोजंदारीवर घेतलं ते झाडलोट करायला.

मी म्हटलं, "सर, पंधरा ऑगस्टपर्यंत थांबा. हत्ती परत उभा करते." हसले. हसू देत.

१० जून

खुंटीवरची बाबांची कात्री काढली. दोन मुठींची आहे, एका हातानं चालत नाही. बाबा खाटेवरून बघत होते. एवढंच म्हणाले — "आतलं वाळकं लाकूड दिसलं की थांबायचं. मोरपंखीला तिथं परत फूट येत न्हाई."

हो हो, म्हटलं.

१७ जून

सोंड गेली. मीच कापली.

कॉलेजला लागून सटवाजीकाकांचं शेत. देवणी बैलांची जोडी आहे त्यांची, त्याचा भलता तोरा. फाटकाशी चहा पीत म्हणाले, "तुझ्या बापाला, सुगतला जमत होतं. पोरीचं काम न्हाई हे." मला राग आला आणि रागात हात चालत राहिला. वाळकं लाकूड दिसलं तोवर सोंड पायाशी पडलेली!

घरी सांगितलं. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवलेही नाहीत.

२ जुलै

रडून झालं. हत्ती नाही तर नाही!

आज लांब उभी राहून नीट पाहिलं. पाठीवर तीन वर्षांची वाढ आहे — ते वशिंड होईल. डोक्यावरचे दोन उंच फुटवे सुतळीनं वाकवले की शिंगं. सोंडेचं बुड उरलंय, ती गळ्याखालची लोंबती कातडी, पोळी. कान तर आहेतच. देवणी बैल करते! बाबांना विचारलं नाही. बोललेच तर नको म्हणतील.

२४ जुलै

अख्खं चाकूर बैलबाजारात आल्यासारखं येऊन जातंय. एकानं तर दात बघायला तोंडाशी हात नेला! दुसरा म्हणतो, "लाल कंधारी जातीचा वाटायलाय." हिरव्यागार झाडाला लाल कंधारी!

सटवाजीकाका रोज येतात. रोज तेच — "वशिंड मागं गेलंय." आज पुढं म्हणाले, "तुमच्या दावणीला कधी बैल होता का? मग तुला काय कळणार?"

"न्हवता," मी म्हटलं. "माझ्या आज्यानं तुमचेच धुतले."

चहा अर्धा ठेवून गेले. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं!

वशिंड मागं गेलंय हे मात्र खरं. पण कुठून छाटावं कळत नाही. सोंडेसारखं झालं तर?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. पाहुण्यांनी बैलासोबत फोटो काढले. प्राचार्यांनीही काढला. मी विचारलं, "मग राहू द्यायचा ना?" म्हणाले, "बघू." शिपाई सांगतो, पोळ्यानंतरच्या सोमवारी जेसीबी सांगितलाय.

२२ ऑगस्ट, पोळा

सटवाजीकाकांनी सजवलेली जोडी फाटकाशी थांबवली. माझ्या बैलाला बाशिंग बांधलं, कुंकू लावलं, तोंडाशी पुरणपोळी ठेवली. मागून सगळं गाव तेच करू लागलं. प्राचार्य हात जोडून उभे! म्हणाले, "आता कसा मोडणार? जेसीबी नको म्हणून सांगतो." माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात काका म्हणाले, "आता ह्याला कात्री लावायची न्हाई. पुजलाय. अन् तुमच्या घरच्यांनी तर हातबी लावू नका." प्राचार्यांनी मान डोलावली. माझ्या हातांनी केलेला बैल, आणि मीच हात लावायचा नाही!

कात्री नाही म्हणजे वर्ष-दोन वर्षांत परत जंगल. मग परत तोच जेसीबी. घरी येऊन बाबांपुढं सगळं ओरडून सांगितलं. सोंड कापली तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हते, आजही खुंटीकडं बघत पडून राहिले. उद्या मी कात्री लावणार. बघू कोण अडवतो!

२३ ऑगस्ट

सकाळी खुंटीवर कात्री नव्हती. खाटेवर बाबा नव्हते.

पळत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा बाबा फाटकाशी! एक पाय ओढत आले होते. कात्रीची एक मूठ डाव्या हातात, दुसरी लोंबत होती. समोर सटवाजीकाका, रस्ता अडवून. बाबा म्हणाले, "वशिंड मागं गेलंय म्हणता ना, सटवाजीराव? मग धरा ही मूठ."

काकांनी इकडंतिकडं पाहिलं. मग वशिंडाकडं पाहिलं.

धरली.