गळका नळ आणि नियम एकवीस

फौजी वसाहत, हिमायतनगर रस्ता,
जि. नांदेड. सोमवार

तीर्थस्वरूप लक्ष्मम्माअक्कास, धाकट्या मल्लिनाथाचे शरणू शरणार्थी. तुझे गुडघे कसे आहेत? उदगीरला थंडी पडली असेल, तर पहाटे देवळात अनवाणी जाऊ नकोस. महादेव समजून घेतो, सांधे घेत नाहीत. पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळे जिवंत आहेत. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढं जाऊ देत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

तुला ठाऊकच आहे, आपली दामिनी न्हाणीत घसरली आणि पायाला प्लास्टर बसलं. जावई रविकिरण हवालदार, तो सीमेवर. म्हणून मी पिशवी उचलून लातूरहून इथं आलो. (दालमिल सोडून आठ महिने झाले. पस्तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस खुर्चीत बसवला, तरी त्याचे पाय हलतच राहतात. तुझ्याकडे दिवाळीत दोन दिवस होतो, तेव्हा तू मला तीनदा गल्लीत पिटाळलंस, ते विसरलो नाही.) आल्या आल्या पोरीनं हातात एक पुस्तिका दिली. रहिवाशांची जबाबदारी आणि नियम, एकूण बेचाळीस. म्हणाली, बाबा, आधी हे वाचा, मग चहा प्या. मी आधी चहा प्यालो. तिथंच चुकलं.

क्वार्टर पहिल्या मजल्यावर, पण खाली प्रत्येकाच्या वाट्याला गवताचा एक चौकोन. तो हिरवा आणि कापलेला ठेवायची जबाबदारी राहणाऱ्याची. आता गवत माणूस खात नाही, आणि बैल आत आणायला बंदी. मी तिसऱ्या दिवशी ते उपटून मेथी आणि अंबाडी पेरली. पहिली नोटीस आली. मग धुतलेली लुंगी रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घातली. (मागच्या बाजूला ऊन येत नाही, ही काय माझी चूक?) परेडच्या मैदानावरून ते निशाण दिसत होतं म्हणे. दुसरी नोटीस. दोन्हींवर सही सुभेदार नागप्पांची. क्वार्टरांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस बिदरचा, मी कन्नडमध्ये दोन गोड शब्द बोलून बघितले, त्यांनी कन्नडमध्येच नियम वाचून दाखवला.

दामिनीचा चेहरा मात्र उतरला. तिसरी नोटीस निघाली, की क्वार्टर काढून घेता येतं. रविकिरणला रजा मिळायला अजून चार महिने. प्लास्टरचा पाय घेऊन पोर कुठं जाणार? मी शपथ घेतली आणि चार दिवस खुर्चीत हात बांधून बसलो. अक्का, मला त्या चार दिवसांचं बक्षीस द्यायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मोरीतला नळ ऐकू येऊ लागला. टप. मग थांबायचा, इतका थांबायचा की वाटायचं संपला. टप. नियम एकवीस सांगतो, दुरुस्ती स्वतः करू नये, तक्रार वहीत लिहावी.

"बाबा, त्या नळाला हात लावायचा न्हाई," दामिनी म्हणाली.

"न्हाई लावत."

ती आत जाऊन पडली. मी हात लावला नाही, पाना लावला. अर्धाच आटा फिरवला. नळ माझ्या हातात आला आणि भिंतीतून पाण्याचा पाट सुटला. खालून चालक जावेदची बायको बिलकीस ओरडली, "चाचा, उप्पर क्या कर रै? मेरे किचन में पानी आ रा ना!"

मुख्य कॉक कुठं आहे, कोणालाच माहीत नाही. मी लुंगी-बनियनवर, चिंब भिजून, हातात पाना घेऊन जिना उतरलो, आणि समोरून तपासणीची मंडळी आली. पुढं मोठे साहेब, मागं वही घेऊन नागप्पा. मी म्हणालो, "साहेब, नळ मी तोडला. पोरीनं बजावलं होतं. नोटीस माझ्या नावानं काढा."

"पाहुण्याच्या नावानं नोटीस निघत नाही," नागप्पा म्हणाले. "रहिवाशाच्याच नावानं निघते."

"मग मला रहिवासी करा!"

साहेब काही बोलायच्या आत मी भिंतीवरच्या पाइपाला हात लावला. मिलमध्ये आम्ही बिघाड हातानंच ओळखायचो. थरथर जिकडं जाते तिकडं गेलो, बोगनवेलीच्या काट्यांत शिरलो आणि मातीत गाडलेला कॉक बंद केला. बाहेर आलो तेव्हा साहेब तक्रारवही चाळत होते. या नळाची तक्रार दामिनीनं चार वेळा लिहिली होती. चारही वेळा पुढं शेरा, कार्यवाही चालू. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "नागप्पा, ही कार्यवाही कुठं चालली आहे?" सुभेदारांचे कान लाल झाले. तिसरी नोटीस निघाली नाही. इमारतीतले सगळे जोड बदलायचा हुकूम निघाला, आणि मला गवत परत लावायचा.

दोन तास मी बिलकीसचं स्वयंपाकघर पुसलं. वर आलो, तर दामिनी रागावली नाही. खाली बघत एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही लातूरला गेलात तरी चालंल. मी धरून धरून चालते." घाबरली होती पोर. मी 'हाव, जातो' म्हणालो. तिची आई मंजुश्री गेल्यापासून लातूरच्या त्या घरात दुरुस्त करायला नळसुद्धा गळत नाही, हे काही तिला सांगितलं नाही. तर अशी ही वसाहत. शहाण्या माणसानं इथं राहू नये. बुधवारच्या एसटीनं निघतो.

तुझा,
मल्लिनाथ

ता. क. : बुधवारी निघत नाही. आत्ताच नागप्पा स्वतः जिना चढून आले, पाहुण्याच्या मुदतवाढीचा अर्ज घेऊन. दामिनीनंच भरला. मुदतीच्या रकान्यात तिनं आधी 'प्लास्टर निघेपर्यंत' लिहिलं. मग माझ्या भरलेल्या पिशवीकडं बघितलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'रविकिरण रजेवर येईपर्यंत'.

ता. क. दुसरा : अर्जाला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र जोडावं लागतं. त्यात लिहायचं, की सदर पाहुणा शांत स्वभावाचा असून एका जागी बसून राहतो. अक्का, तू जन्मात खोटं बोलली नाहीस, मला माहीत आहे. शनिवारच्या आत पोहोचेल असं पाठव.