बोट सोडायची वेळ

३ डिसें., मंगळ.
पुण्याहून कार्टूनचा नवा भाग आला. मराठी संवाद शनिवारपर्यंत हवेत. नवरा-बायको, दोन पोरं नि त्यांचा आजोबा, सगळे मोठ्या बोटीवर आठ दिवस. शेवटी बोट धक्क्याला लागते, सगळे उतरतात. आजोबा डेकवरच्या खुर्चीला चिकटून बसतो. इथं हसू यायला हवं म्हणे. मला दोनदा बघूनही आलं नाही.

सांगलीहून दादाचा फोन. रविवारी येऊन आबांना, आमच्या वडिलांना, कायमचं त्याच्याकडे नेणार. मीच म्हणाले होते, आबांचं माझ्याच्यानं आता होत नाही. दारातून निघून कोरेगावचा रस्ता धरतात. त्यांना शोधायचं की संवाद लिहायचे? म्हणाले खरी. जीभ उचलली नि...

४ डिसें.
आबा शेजारी बसून बघत होते. आवाज बंद, नुसतं निळं पाणी. मधेच म्हणाले, "ही आमची न्हवं. आमची करडी व्हती." फौजेत असताना अंदमानला गेले होते, त्या बोटीबद्दल.

मग साखर कारखान्याचा भोंगा झाला, तर उठून उभे. "सुटली बघ." बाहेर उसावर धुकं, जमीन कुठं दिसेना. घर हळूच हलल्यासारखं झालं. मलाही वाटलं, सुटलो आपण. कुठं जायचं ते कुणी विचारणार नाही. चहा उतू गेला.

५ डिसें.
पुण्याच्या स्टुडिओतल्या ताईंना कार्टूनमधल्या आजोबासाठी गावाकडचा म्हातारा आवाज हवाय. आबांचा का नको? शब्द हरवतात, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. दुपारी, आवाज घुमू नये म्हणून, पलंगावर गोधडीचा तंबू केला. आत आबा, मी, मोबाईल. वाक्य एकच: मी बोट सोडणार नाही.

आबा म्हणाले, "कुणाचं?"
"कुणाचं नाही आबा. ती बोट. पाण्यातली."
"आसं व्हय," म्हणाले, नि माझं बोट धरून बसले. रेकॉर्डिंग काही झालं नाही. गोधडीत उकडत होतं, तरी बाहेर यावंसं वाटेना.

६ डिसें., शुक्र.
पुन्हा तंबू. पुन्हा तेच वाक्य दिलं.

आमच्या घरात ठरलेली गोष्ट आहे: चार वर्षांची असताना मी कोरेगावच्या बाजारात आबांचं बोट सोडून पळाले, दिवस मावळताना गुळाच्या ढेपांमागं सापडले. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी. लग्न मोडलं तेव्हाही आई हेच म्हणाली होती.

आज आबा म्हणाले, "पोरीनं न्हाई सोडलं. म्या सोडलं. तंबाकू मळायला दोन हात लागत्यात न्हवं." मग म्हणाले, "तिच्या आयला सांगू नगंस."

आई जाऊन सहा वर्षं झाली. नाही सांगत, मी म्हणाले. ती पोर मीच, हे त्यांना कळत होतं का, देव जाणे. राग यायला हवा होता. पस्तीस वर्षं बोलणी खाल्ली. पण रडूच आलं, आणि ते म्हणाले, "रडू नगं, घावंल ती."

मोबाईल चालूच राहिला होता. सगळं आलंय त्यात.

७ डिसें.
संवाद धाडले. आजोबाच्या वाक्याची जागा कोरी ठेवली, सोमवारी देते म्हणून कळवलं. आबांची बॅग भरली. स्वेटर, गोळ्या, फौजेची टोपी. ते बघत होते. "बंदर आलं व्हय?"

अजून नाही, मी म्हणाले. दादाला फोन लावला नि कापला. त्याला काय सांगू, मला झेपतंय? झेपत तर नाहीच. पण ते नसलेलं घरही डोळ्यांपुढं येत नाही.

८ डिसें., रवि.
धुकं कालच्यापेक्षा दाट. दादाची गाडी फाटकात येईपर्यंत दिसलीच नाही. हॉर्न ऐकून आबा पडवीतल्या खुर्चीत ताठ बसले, टोपी घालून. मी हात द्यायला गेले, तर बोटच धरलं.

दादा म्हणाला, "सुमे, सोड की आता. ऊन व्हायच्या आत पोचू."
"मी धरलेलं नाही," मी म्हणाले.

त्यानं आमच्या हातांकडं बघितलं. मग स्वतःच आत जाऊन चहा टाकला. आता दुसरा कप घेऊन पायरीवर बसलाय. बॅग मधोमध. भोंगा व्हायचाय अजून.

अक्षर वेडंवाकडं येतंय. डाव्या हातानं लिहितेय. उजव्याचं बोट आबांच्या मुठीत आहे.